नबरा राणीची हाक

काचेपलीकडे हदीलने मान वर केली, डोळे मिटले आणि हाक दिली, आणि अलीकडे बसलेल्या शायाच्या ग्लासातला पुदिन्याचा चहा तिच्या मांडीवर सांडला. फार नव्हता, तळाशी उरलेला. पण कढत होता, आणि तरीही तो तिला लगेच जाणवला नाही. आधी जाणवली ती मानेमागची थंडी. लांब चढत जाणारा सूर, मग गळ्यातल्या गळ्यात तीन ठिकाणी मोडत खाली येणारा, आणि अगदी शेवटी एक खंड, पायरी चुकता चुकता पाय सावरावा तसा. पोरीने तो खंडसुद्धा जिथल्या तिथे घेतला. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने अंगठा दाखवला. दिग्दर्शक हाझिम खुर्ची गर्रकन वळवून शायाकडे बघायला लागला, आपण भेट आणलीय आणि समोरचा ती उघडतोय अशा तोंडाने. "बघा हाज्जा शाया, आलं की नाही डोळ्यांत पाणी?" "चहा सांडला," शाया म्हणाली आणि रुमालाने मांडी पुसायला लागली. पुसता पुसता तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: इजलाल सुटली. इतक्या वर्षांनी, काही न भोगता, इजलाल यातून सुटली, आणि तिच्या जागी ही पोर अडकली.

इजलाल या कामातून सुटावी असं सगळ्या कैरोला वाटत होतं. कधी काळी रमजानमध्ये, इफ्तारची तोफ झाली रे झाली की टीव्हीवर एक कार्टूनची चित्रमालिका लागायची. नाइलच्या तळाशी एक शहर, त्यात राहणारी पाण्याची माणसं, आणि त्यांची राणी नबरा, भिजल्या खजुरासारखी काळी. ज्या पुस्तकावरून ती काढली होती ते लिहिणाऱ्या गृहस्थांनी आमचा नूबियाचा मुलूख आगबोटीच्या कठड्यावरून पाहिला होता, एवढ्यावर त्यांना आमची राणी सुचली. आता त्याच गोष्टीचा मोठा चित्रपट निघत होता, आणि चित्रपट निघतोय म्हटल्यावर लोकांनी जुनी मालिका पुन्हा पाहिली, आणि पाहिल्यावर विचारलं, की काळ्या राणीच्या तोंडून झमालेकच्या श्रीमंत वस्तीतल्या गोऱ्या मदाम का बोलतात, आणि बोलतात त्या आम्हाला वेडावल्यासारख्या का बोलतात. राणीला आवाज देणाऱ्या त्या मदाम इजलालने मुलाखत दिली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. "मी चेष्टा कशी करेन? आमच्या घरच्या आचाऱ्याकडून शिकलेय मी तो लहेजा!" आठवडाभरात तिला काढली. मग शोधून शोधून हदील आणली, अलेक्झांड्रियाची, गाणारी, आईकडूनही नूबियन आणि बापाकडूनही. आणि शायाला बोलावून सल्लागार केलं. आयुष्यभर तिने गर्दीतले आवाज काढले होते: दायी, मोलकरीण, दरवानाची बायको, बाजारात पडणारी म्हातारी. सल्लागाराला खुर्ची मिळते आणि चहा मिळतो. हाझिम तिच्याशी बोलताना आदर हा शब्द मिठासारखा भुरभुरत असे. दर वाक्यावर थोडा, चवीपुरता.

काम म्हणजे काय, तर हदीलला लहेजा शिकवायचा. "थोडासाच हां," हाझिमने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मदाम इजलालसारखा नको, अर्थात. पण तसाच." हदील काचेमागून माइकवर म्हणाली होती, "उस्ताद, आमच्या घरात असं कोणीच बोलत नाही हो. माझा बाप बंदरावर शिक्षक आहे, तुमच्यापेक्षा शुद्ध बोलतो." "ते बरोबर आहे ग, पण प्रेक्षकांना कळायला नको का, की तू नूबियन आहेस?" "मी आहे, तेवढं पुरत नाही वाटतं?" शायाला तेव्हा हसू आलं होतं. पोरगी आवडली होती तिला, ओठांच्या कडांना राग धरून ठेवायची तिची पद्धत आवडली होती. "खाला, तुमच्या घरात कोणी बोलायचं असं?" हदीलने मधल्या सुट्टीत शिजवलेल्या वालांच्या सँडविचचा घास घेत विचारलं. शाया म्हणाली, "एक जण बोलायचा."

तो एक जण म्हणजे उस्ता बशीर, शायाचा बाप, आणि तोच इजलालच्या घरचा आचारी. जन्मभर त्याने त्या घरात भाज्या चिरल्या. अरबी तो मोठेपणी शिकला, त्यामुळे बोलताना बाईला बाप्या करायचा, बाप्याला बाई, आणि शब्दांच्या शेवटाला एक गोड हेलकावा द्यायचा, होडी काठाला लागताना देते तसा. शाया आठ वर्षांची असताना एका ईदला आईने तिला कैरोला बापाकडे धाडलं होतं. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक गोल काच होती. शायाचे डोळे तिथे पोचत नव्हते, म्हणून ती फटीतून बघत होती. पांढरं टेबल, पाहुणे, अब्बाच्या दोन्ही हातांत मुलूखियाच्या पातळ भाजीचं वाफाळतं भांडं, आणि निळ्या फ्रॉकमधली बारा-तेरा वर्षांची इजलाल. तिने अब्बाला काहीतरी विचारलं, अब्बाने त्याच्या पद्धतीने उत्तर दिलं. मग पोरगी उठली आणि तेच उत्तर त्याच हेलकाव्यात तिने पाहुण्यांना करून दाखवलं. हुबेहूब. कान तिचा पहिल्यापासून तल्लख, ते कोणी नाकारत नाही. पाहुणे हसले. "बशीर, पुन्हा म्हण ना! पुन्हा!" आणि अब्बाने पुन्हा म्हटलं. भांडं गरम होतं, फडकं पातळ होतं, बोटं बदलायला जागा नव्हती. तो उभा राहिला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसला. त्याचं ते हसणं शायाच्या नोंदीत सगळ्यांत वर आहे. पाहुण्यांची हसणी खाली कुठेतरी एकत्र लिहिलेली आहेत. आत आल्यावर त्याने हात नळाखाली धरला आणि म्हणाला, "मुलगी हुशार आहे. आपलं बोलणं किती पटकन उचललं बघ."

आणि हेही खरं, की शायाला रेडिओच्या गर्दीत काम मिळालं ते इजलालच्या शब्दावर. "बशीरची मुलगी आहे, आवाज काढते." इजलालने हे कधी विसरू दिलं नाही; दर ईदला फोन यायचा, आणि शुभेच्छांच्या पाठोपाठ आठवण यायचीच. शायाही विसरली नाही. एखाद्याने आपल्यावर उपकार केला की त्याच्याकडे बघताना मान किती वाकवायची हे ठरतं, आणि वाकलेल्या मानेने माणसाचे फक्त बूट दिसतात. शायाला इजलालचे सगळे बूट पाठ होते.

ज्या हिवाळ्यात अब्बा गेला, त्याच हिवाळ्यात मालिकेचं ध्वनिमुद्रण होतं. दुखवटा कैरोतच, आब्दीनमधल्या आमच्या गावच्या मंडळात झाला. खाली पुरुष कडू कॉफी पीत होते, वरच्या मजल्यावर बायका जमिनीवर बसल्या होत्या, आणि कोणी हाक दिली नाही. आमच्या गावची रीत अशी, की गावचा माणूस परमुलखात मेल्याची बातमी टपालाच्या बोटीने आली, की घरची बाई काठावर जाऊन हाक द्यायची. चढता सूर, तीन मोड, आणि शेवटी मेलेल्याचं नाव. मग त्याच्या रक्ताच्या कोणीतरी उत्तर द्यायचं, दोनच सूर, खालचे, ऐकलं असं सांगणारे. उत्तर मिळालं की मेलेला काठावरून उठतो आणि त्याच्यासाठी आलेल्या नावेत बसतो. तोवर बसून राहतो. म्हाताऱ्या आत्याबाईंनी त्या दिवशी ठाम सांगितलं, "हाक गावच्या काठावरूनच. फरशीवरून नाही." आणि गावचा काठ अस्वानचं धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेला, घरं गेली, खजुराची झाडं गेली, शाया तेव्हा नीट चालतही नव्हती. मग आम्हाला नेऊन वसवलं त्या कोम ओंबोच्या रेताड वस्तीत, नदीपासून लांब, तिच्या आईने तिला ही हाक शिकवली ती कुजबुजत, चुलीपाशी, सूर न काढता. मोठ्याने काढली तर कोणाचा तरी जीव जाईल म्हणून. शायाने ती कधीच मोठ्याने दिली नव्हती. दुखवट्याच्या चौथ्या दिवशी इजलालचा ड्रायव्हर आला. गुलाबी फीत बांधलेला केकचा खोका. "मदामना शूटिंग आहे," तो म्हणाला, आणि त्या बिचाऱ्याला स्वतःलाच त्या फितीची लाज वाटत होती. दुःखाच्या घरी साखर आणतात, कॉफी आणतात. केक आणला तिने. वर क्रीमची फुलं होती.

मग ध्वनिमुद्रण. राणी नबराच्या राज्याभिषेकाचा प्रसंग. इजलाल माइकपाशी, शाया आणि इतर चौघी मागे, पाण्याच्या शहरातली प्रजा म्हणून. इजलालने राणीची वाक्यं म्हटली, अब्बाच्या हेलकाव्यात, बाईला बाप्या करत. चित्रातली राणी पाचूच्या सिंहासनावर बसून अब्बासारखी बोलली. काचेपलीकडे सगळे पोट धरून हसत होते. इजलाल मागे वळून म्हणाली, "शाया, सांग ग, तुझ्या बापासारखं आहे की नाही अगदी?" आणि शाया हसली. आपल्या तोंडावर आलेलं ते हसू तिने लगेच ओळखलं, कारण ते तिने दाराच्या फटीतून पाहिलेलं होतं. त्यानंतर तेव्हाच्या दिग्दर्शकाला सुचलं, की राणीने मुकुट घालताना एखादी आरोळी द्यायला हवी. "शाया, तुमच्याकडे काहीतरी असेल ना, आनंदाचं? लग्नाबिग्नातलं?" शाया म्हणाली, आहे. माइकपाशी गेली. समोरच्या पडद्यावर बुडालेलं शहर होतं, निळं, घरांच्या दारांवर आमच्यासारखी नक्षी काढलेली, कमानींतून मासे जात होते. गावचा काठ पाण्याखाली आहे ना, मग हे काय आहे? तिने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती हाक मोठ्याने दिली. फक्त शेवटचं नाव गिळलं. नावाच्या जागी खंड पडला. खोलीत टाळ्या पडल्या. "पुन्हा," इजलाल कान टवकारून म्हणाली. "पुन्हा. थांब, तो शेवटचा झोका पुन्हा." आणि ती शिकली. खंडासकट शिकली, आणि शायाच्या मागे उभी राहून नव्हे, माइकपुढे, सगळं लक्ष एकवटून, उस्ता बशीरसाठी तिने हाक दिली.

असं समजू नये की शायाने तेव्हा हे सगळं ठरवून केलं. हात आधी उचलला गेला. मारायला उचलला हे तिला मागाहून कळलं. पण एकदा कळल्यावर तिने तो खाली घेतला नाही. त्या रमजानपासून इजलाल जिथे जाईल तिथे लोक हाक मागायचे. उद्घाटनं, मुलाखती, मुलांची इस्पितळं, आखाती देशांतले सोहळे. भरजरी कपड्यांत, हिरे घालून, इजलाल अब्बासाठी हाक देत होती. मुलाखतीत ती सांगायची, "शेवटचा तो खंड आहे ना, तो माझा. मला आतून सुचला." शाया त्या वेळी भाजी निवडत असे, हात थांबत नसे, आणि मनातल्या मनात म्हणत असे, रड. स्वतःच्या बापाला ही एवढी रडली नव्हती. त्याच्या दफनाला काळा चष्मा लावून आली होती आणि छायाचित्रकारांसाठी एकदाच मान खाली घातली होती. पहिल्या रमजानमध्ये कोम ओंबोहून आत्याबाईंचा फोन आला होता. "शाया, टीव्हीतली ती हाक. कोणासाठी?" "अब्बासाठी." पलीकडे नुसतं खरखरत होतं. मग आत्याबाई म्हणाल्या, "बाई बरी रडते. उत्तर कोण देतंय?" "द्यायचंय," शाया म्हणाली. त्यानंतर आमच्या गावच्या म्हाताऱ्या दर रमजानला इफ्तारनंतर मालिका लावून बसायच्या आणि हाक आली की बशीरच्या नावाने फातिहाची दुआ पुटपुटायच्या, आणि नातवंडांना वाटायचं आजीला कार्टून आवडतं. आता त्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. शायाने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर इजलालचं रडणं पुरं झालं असतं, आणि ते पुरं व्हावं असं शायाला कधीच वाटलं नव्हतं.

म्हणून स्टुडिओच्या तळघरात त्या दिवशी मांडी पुसताना तिला न्यायाचा संताप आला. ज्या न्यायासाठी तिच्या जातभाईंनी लिहिलं, वाद घातले, सह्या केल्या, त्याने इजलालची मान सोडवली होती आणि ही पोर माइकपुढे आणून उभी केली होती, जिचं साखरपुड्याचं सोनं अजून चकचकीत होतं. हदील बाहेर येऊन तिच्या शेजारी खुर्चीच्या हातावर बसली. "खाला, लहानपणी टीव्हीवर आमच्यासारखं काळं एवढंच होतं. शाळेत पोरी मला चिडवायच्या ना, की मी ही हाक द्यायचे आणि त्या गप्प व्हायच्या. मेंदीच्या दिवशी मी हीच देणारेय, सगळ्या मैत्रिणी तेच म्हणताहेत." तिच्या तळहातावर शायाने नजर टाकली. मेंदी अजून लागायची होती. जिवंत माणसाच्या तोंडासमोर ती हाक देत नाहीत, नवरीच्या तर उंबऱ्यातही नाही. आईने चुलीपाशी हेच सांगितलं होतं, ठिणग्या उडू नयेत म्हणून हलकी फुंकर घालत. आपण टाकलेला दगड कुठल्या कुठे फिरून आपल्याच अंगणात येऊन पडतोय हे शायाला दिसलं, आणि त्याहून जास्त दिसलं ते हे, की इजलाल आता घरी बसून कॉफी पिईल.

"उस्ताद हाझिम," ती म्हणाली, "ही हाक लग्न ठरलेल्या मुलीने द्यायची नसते." हाझिमचा चेहरा आदराने एकदम गंभीर झाला. "म्हणजे रूढी आहे?" "रूढी." "वाईट असते?" "वाईट असते." "मग पर्याय?" "हिला मी लग्नाची शिकवते, खरी. आणि ही हाक ज्यांची आहे त्यांचीच राहू द्या. मदाम इजलालची." हाझिम तिच्याकडे बघत राहिला. ज्यांच्या माणसांनी मदामना घालवलं त्यांच्यातलीच ही बाई मदामना परत मागत होती, आणि हे त्याच्या कुठल्याच खणात बसत नव्हतं. "हाज्जा, तुमचं मन फार मोठं आहे," तो शेवटी म्हणाला. हदीलने शायाचा चहाने भिजलेला रुमाल उचलला, घडी केली, आणि हळूच विचारलं, "ती कशाची हाक आहे, खाला?" "तुझ्या कामाची नाही." "माझ्या लहानपणाची आहे." शायाने रिकामा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला दुसरी देते. ती तोंडभरून दे." हदीलने रुमाल तिच्या हातात ठेवला. त्या दुपारी ती खुर्चीच्या हातावर पुन्हा बसली नाही. लग्नाची हाक उभ्या उभ्याच शिकली, आणि चोख शिकली.

हाझिमच्या वरच्या लोकांनी त्यातून सोहळा काढला. नाइलकाठच्या हॉटेलात जुनी राणी नव्या राणीला मुकुट देणार. मदाम आपली हाक देतील, हदील आपली. कॅमेरे, मुलं, मंत्रालयाचं कोणीतरी. शाया वेळेआधी गेली आणि रंगपटाच्या दारावर टकटक केली. आरशाभोवती दिवे, आरशात इजलाल. म्हातारी झाली होती, पण सुबक म्हातारी, हौसेने आवरलेल्या घरासारखी. बूट चंदेरी होते. "ये ग शाया, ये. तुमच्या माणसांनी मला हाकललं बघ." "आमच्या माणसांच्या हातात एवढं कधी आलं, मदाम?" "टोमणे नकोत. तुला मीच आणलं होतं या धंद्यात." "तुम्ही दर ईदला सांगता." इजलाल आरशातल्या आरशात हसली, मग वळली. "हे बघ, तिथे वर एक वाक्य बोलशील? की बशीर मला बापासारखा होता. मी त्याच्याकडून प्रेमाने शिकले. तू म्हणालीस तर लोक ऐकतील." "प्रेमाने शिकलात की कसं, ते मला कुठून ठाऊक? मी तर दाराआड होते." "कुठल्या दाराआड?" "स्वयंपाकघराच्या. तुमचा फ्रॉक निळा होता. अब्बाच्या हातात मुलूखियाचं भांडं होतं. तुम्ही पुन्हा म्हणायला सांगत होता." इजलालची लिपस्टिक धरलेली बोटं मांडीवर आली. "मी लहान होते, शाया." "मी तुमच्याहून लहान होते."

मग शायाने सांगितलं. शांतपणे, खरेदीची पिशवी रिकामी करावी तसं एकेक काढून समोर ठेवत: हाक कशाची, काठ कुठला, बोट कसली, खंडाच्या जागी काय यायचं. बोलताना तिला वाटत होतं की हा क्षण तिने इतक्या वेळा मनात चाखला होता, की प्रत्यक्षात त्याला चव उरली नाही. शेवटी इजलाल म्हणाली, "म्हणजे तो खंड…" "तिथे नाव असतं." "मी सगळ्यांना सांगितलं, मला सुचला." "ऐकलंय. दर वेळी." "कर्करोगाच्या मुलांसमोर दिली मी ती." "हो." "सगळीकडे बशीरसाठी." "सगळीकडे." इजलाल आरशाकडे वळली आणि स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली, एखाद्या ओळखीच्या बाईचं नाव आठवत नसावं तशी. शाया वाट बघत होती. रागाची, रडण्याची, तिला बाहेर हाकलण्याची. इजलालने विचारलं, "बरी रडले का ग?"

ह्याची तयारी शायाने केलेली नव्हती. तिच्या तोंडून खरंच निघून गेलं. "सूर चोख होता." "नुसता सूर?" "नुसता सूर." इजलालने मान हलवली, दिग्दर्शकाची सूचना ऐकतात तशी, न दुखावता. "आणि उत्तर? म्हणालीस उत्तर द्यावं लागतं. तू दिलंस?" "नाही." "का?" "दिलं असतं तर तुम्ही सुटला असतात." बाहेर कोणीतरी माइकवर एक दोन, एक दोन म्हणत होतं. इजलाल म्हणाली, "आणि तो? बशीर कुठे आहे मग इतकी वर्षं?" इतक्या रमजानांत शायाने इजलालचं रडणं मोजलं होतं, आत्याबाईंच्या फातिहा मोजल्या होत्या. काठावर बसलेल्या माणसाकडे तिने वळून पाहिलं नव्हतं.

सभागृहाची एक बाजू अखंड काचेची होती, बाहेर नाइल, दुपारच्या उन्हात तेल सांडल्यासारखी. शाया दुसऱ्या रांगेत बसली. हदीलने लग्नाची हाक दिली, भरघोस, जीभ लखलखत, आणि मुलं आधी गोंधळली आणि मग खुर्च्यांवर चढली. मग इजलाल पुढे आली. हाझिमच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता. इजलालने मुकुट काढून मेजावर ठेवला. मान वर केली. सूर चढला, आधीपेक्षा सावकाश, कडेला थोडा फाटलेला, आणि एक मोड, दुसरा मोड, तिसरा, आणि खंडाच्या जागी तिने म्हटलं, "बशीर."

मुलांनी खंड घ्यायला श्वास धरला होता, तो तसाच राहिला. हाझिमने कागद उलटून पाहिला, जणू ते नाव मागच्या बाजूला छापलेलं असेल. हदीलने तोंडावर हात ठेवला आणि शायाकडे पाहिलं. इजलालही तिच्याकडेच बघत होती. तिच्या डाव्या गालावरून पाणी ओघळत होतं; शायाने नोंद केली, कॅमेरा डावीकडे होता. उजवा गाल तिला दिसत नव्हता. खरं की नाटक, हे या बाईच्या बाबतीत अल्लालाच ठाऊक, आणि कदाचित तिला स्वतःलाही नाही. दोन खालचे सूर शायाच्या गळ्याशी आले, कोणी न बोलावता, उचकीसारखे. काचेबाहेर पाण्याच्या कडेला तिला तो दिसला, पाठमोरा, कामावरून सुटल्यावर बसायचा तसा, एप्रन काढून गुडघ्यावर घेतलेला, आणि हाक ऐकून अर्धवट उठलेला, एक हात जमिनीवर टेकून, मान वळवून. भाजलेली बोटं. कोणी उत्तर देतंय का बघणारा. शायाची जीभ टाळूपासून सुटली. ओठ विलग झाले.

"पुन्हा," शाया म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. इजलालने डोळे मिटले, मान हलवली आणि श्वास घ्यायला छाती भरली. काठावर अब्बा हळूच परत खाली बसला आणि एप्रनची घडी गुडघ्यावर नीट करायला लागला.